काळ्या पडद्यावरची तांबडी शिवण

सोमवार, ५ जानेवारी

नव्या वर्षात रोज लिहायचं ठरवलं होतं. पहिले चार दिवस तसेच गेले, म्हणून श्रीगणेशा आज. ठरवलेलं न पाळण्यात आमच्या घराण्याचा हात कोणी धरणार नाही.

बातमी अशी की विद्यापीठ आता आपल्या प्रयोगशाळा सगळ्यांसाठी उघडणार आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ज्याला वाटेल त्याने यावं, बघावं, विचारावं. आमच्या विभागप्रमुखांनी हे बैठकीत असं सांगितलं की जणू विज्ञानाचा शोध त्यांनाच काल लागला. आम्ही त्यांना पाठीमागे होकायंत्र म्हणतो, कारण कुठेही उभं केलं तरी त्यांचं तोंड कुलगुरूंच्या दालनाकडेच वळतं.

"तुमची प्रकाशाची प्रयोगशाळा पहिली," ते मला म्हणाले. "लोकांना रंग आवडतात."

आवडतात तर काय! पण रंग दाखवायला आधी काळोख लागतो, आणि माझ्या अंधारखोलीच्या पडद्याला उंदरांनी इतकी भोकं पाडली आहेत की आत बसून पुस्तक वाचता येईल. प्रकाशाचा विभाग आणि धड अंधारसुद्धा नाही. भांडारात नवा पडदा मागितला तर तो मिळेपर्यंत मी निवृत्त होईन. प्रयोगशाळेतले मामा, म्हणजे आमचे परिचर, माझ्याही आधीपासून इथे आहेत. ते म्हणाले, "मॅडम, तुमच्या घरी शिंपी असताना भांडाराच्या पायऱ्या कशाला झिजवायच्या?"

मला ते सुचलंच नव्हतं असं नाही. सुचलं होतं, म्हणूनच मी गप्प होते.

खरं सांगायचं तर माझ्या मनात पडदा नाहीच. बाबांची जुनी सवय आहे, शिवलेली वस्तू जागेवर बघितल्याशिवाय त्यांचं काम संपत नाही. "अंगावर बघितल्याखेरीज शिवण पुरी होत नाही," असं म्हणत ते गिऱ्हाइकाच्या घरापर्यंत जायचे. पडदा त्यांनी शिवला तर तो लागलेला बघायला ते येतील. इतक्या वर्षांत एकदा तरी माझी प्रयोगशाळा बघतील.


गुरुवार, ८ जानेवारी

आज विचारलं. बाबा पुढच्या खोलीत, त्यांच्या जुन्या दुकानात, दिवा न लावता बसले होते. हल्ली असेच बसतात. मी दारात उभी राहिले की मान वर न करता म्हणतात, "आलीस?" मी आत जाऊन आधी दिवा लावते आणि मग बोलते.

"मला एक पडदा शिवून हवाय. जाड काळं कापड, दुहेरी."

"मशीनचा पट्टा सैल झालाय."

"पट्टा मी आणते."

"गुडघे धरतात. पायाचं मशीन आता होत नाही."

"गुडघ्यांना पट्टा आणू का?"

हसले. पण हो म्हणाले नाहीत. गेल्या वर्षीपासून त्यांनी काम बंदच केलं आहे. विचारलं की म्हणतात, आता सगळे तयार कपडे घेतात, शिंप्याला कोण विचारतो. तेही खरंच आहे. पण पूर्वी गिऱ्हाईक नसलं तरी ते जुन्या चादरींच्या पिशव्या शिवायचे, हातांना चैन पडायची नाही. आता हात मांडीवर ठेवून बसतात. आई गेल्यावर त्यांचं मन उडालं असेल.

मला राग येतो तो याचा नाही. ज्या दिवशी प्रयोगशाळा माझ्या हाती आली त्या दिवशी मी धावत घरी आले होते. बाबा कोणाच्या तरी पँटला इस्त्री करत होते. "बरं झालं," म्हणाले आणि पँट उलटी केली. कुठे आहे, कशी आहे, कधी दाखवतेस, काही नाही. पिकतं तिथे विकत नाही, असं म्हणून मी हसण्यावारी नेलं. पण वाट बघायची काही सोडली नाही. कधीतरी दुपारी दार वाजेल, मामा म्हणतील, "मॅडम, कोणीतरी आलंय," आणि बाहेर बाबा, गळ्यात टेप तसाच.

वेडेपणा आहे. पण आहे.


रविवार, ११ जानेवारी

आज सुट्टी. गोडीगुलाबीने काम काढून घ्यायचं म्हणून मी दुकान आवरायला घेतलं. बाबा शेजारच्या काकूंकडे पेपर ऐकायला गेले होते. हेही नवीनच. पूर्वी आमच्याकडे पेपर पहिल्यांदा कोणी वाचायचा यावरून भांडण व्हायचं, आता म्हणतात, "तिच्या वाचण्यात चव आहे." असेल. काकू मृत्यूच्या बातम्यासुद्धा आग्रहाने वाढतात.

झाडलोट केली, पट्टा बदलला, मशीनला तेल घातलं. मग दोऱ्यांचा डबा उघडला. काय तो पसारा! पहिल्या तीन खणांत काळा, त्याच्याशेजारी पांढरा, मग खाकी, मग करडा, मध्येच तांबडा, कुठेतरी टोकाला हिरवा. माझ्यासारखीच्या डोळ्यांना हे बघवेना. सगळी रिळं बाहेर काढली आणि रीतसर लावली: तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. तानापिहिनिपाजा. काळा, पांढरा, खाकी ही मंडळी इंद्रधनुष्यात नसतात, त्यांना खालच्या कप्प्यात टाकलं. असा देखणा डबा झाला की झाकण लावावंसं वाटेना.

बाबा आल्यावर म्हटलं, "दुकान आवरलंय हं."

"वस्तू हलवल्यास?"

"झाडलं फक्त," मी म्हणाले. डब्याचं मुद्दामच सांगितलं नाही. उघडतील तेव्हा बघतील आणि खूश होतील.


शुक्रवार, १६ जानेवारी

हो म्हणाले! मी पडद्याचं नाव काढणं सोडून दिलं होतं, आज स्वतःहूनच म्हणाले, "कापड आण. माप काय? चारी बाजूंनी माया सोडून सांग." शिवणीत जाण्यासाठी जे जास्तीचं कापड धरतात त्याला माया म्हणतात. मी लहानपणी समजायचे की प्रत्येक कपड्यात बाबा थोडी माया घालतात म्हणून तो बसतो.

एक अट घातली. काम चालू असताना दुकानात यायचं नाही. आणि सुईत दोरा ओवायची ती बारीक तार हवी. मी म्हटलं, "तुम्ही तर डोळे मिटून ओवायचे." म्हणाले, "म्हातारा झालो ना गं."

काकू मुलीकडे गेल्यात दोन आठवड्यांसाठी. आमच्या ओट्यावर पेपर घडीसुद्धा न मोडता साठताहेत. बाबांचा चवीचा हट्ट बघा, दुसऱ्याच्या वाचण्याशिवाय पेपर घशाखाली उतरत नाही.


मंगळवार, २० जानेवारी

आज फार वाईट वाटलं, ते लिहूनच टाकते.

माहितीपत्रक छापून आलं. पहिल्याच पानावर माझा फोटो, हातात लोलक, मागे भिंतीवर रंगांचा पट्टा. होकायंत्राने स्वतःचा फोटो आतल्या पानावर ढकलून माझा पुढे घेतला म्हणजे चमत्कारच. मी घरी आले ती उड्या मारत. बाबांच्या हातात दिलं.

त्यांनी ते धरलं. अंगठ्याने कडा चाचपली. मग म्हणाले, "कागद चांगला वापरलाय."

मुलीचा फोटो छापून आला आणि बापाने कागदाची तारीफ केली. स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. भांड्यांचं काय चुकलं होतं?

त्यात भर म्हणजे सकाळी मी त्यांची खुर्ची खिडकीशी सरकवली होती, कापायला उजेड मिळावा म्हणून. त्यांचा गुडघा तिच्यावर आपटला. केवढे चिडले! "वस्तू जागच्या जागी राहू देत जा. किती वेळा सांगायचं?" एवढी धडधडीत खुर्ची दिसू नये! त्यांचं लक्षच नसतं कशात. माझ्यात तर नाहीच नाही.

मी त्यांची मुलगी कमी आणि घरातला वावर जास्त आहे, असं हल्ली वाटतं. पाऊल वाजलं की "आलीस?", दार वाजलं की "निघालीस?" मी काय नेसले आहे, वाळले का, केस पांढरे झाले का, यातलं काहीही ते बोलत नाहीत. पूर्वी माझ्या बाहीचा एक टाका उसवला तरी दुरून ओरडायचे. ती नजर कुठे गेली कोण जाणे. मला ती हवी आहे. एवढी शिकलेली बाई, बापाने बघावं म्हणून झुरते, हे कोणाला सांगायचं?


शनिवार, २४ जानेवारी

पडदा झाला. पहाटेच घडी घालून, दोरीने बांधून दारात ठेवला होता. ते झोपले होते. मी तो तसाच प्रयोगशाळेत नेला.

मामांनी उलगडला आणि म्हणाले, "अरे वा, नक्षी!"

नक्षी कसली. काळ्याकुट्ट कापडावर मधोमध तांबडी शिवण. वर कड्या लावायच्या पट्टीला नारिंगी. खाली दुमडीला पिवळी. टीप म्हणाल तर सरळ, कुठे इंचभर वाकडी नाही, हाताचं कसब तसंच्या तसं. आणि दोरा असा!

सुरुवातीला काही कळेना. मग बघितलं तर तांबडा, नारिंगी, पिवळा. क्रमाने. म्हणजे डबा त्यांनी उघडला, मी लावलेले रंग पाहिले आणि त्याचंच मला उत्तर दिलं. घे तुझे रंग, लाव त्यांचा पडदा. एक अक्षर न बोलता केवढा टोमणा! गिऱ्हाइकाच्या काळ्या कोटाला निळसर काळ्या दोऱ्याने एक बटणसुद्धा न लावणारा माणूस माझ्या कामाची अशी चेष्टा करतो.

इतक्यात होकायंत्र आलं. "हे काय? काळ्यावर तांबडं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "सुरक्षेची खूण आहे सर. आत अंधार आहे हे लोकांना लांबून कळावं म्हणून."

"छान! कुलगुरूंना सांगतो," म्हणत ते गेले. मामा तोंडावर फडकं धरून हसत होते. मला मात्र हसू येईना.


रविवार, २५ जानेवारी

विचारून टाकलं. मनात ठेवून कुढत बसणं मला जमत नाही.

"बाबा, शिवण सुरेख झालीय. पण दोरा?"

"का? दोऱ्याला काय झालं?"

"काळ्यावर तांबडा?"

त्यांनी अंगठा बोटांवर घासला, दोरा चाचपावा तसा. मग म्हणाले, "तुझं रंगांचं काम ना. म्हटलं, शोभेल."

मी वळून जाणार तेवढ्यात उठले. भिंतीला हात लावत दोऱ्यांच्या डब्याशी गेले, झाकण काढलं आणि एकेक रीळ बोटांनी चाचपत उभे राहिले. चेहरा असा पडलेला की भांडण करायचंही विसरले मी.

"डबा तू लावलास?"

"त्याला दोन आठवडे झाले. आता दिसलं तुम्हाला?"

"कशा क्रमाने?"

"तानापिहिनिपाजा," मी तुटकपणे म्हणाले. "शाळेतली पोरंही सांगतील."

"आणि काळा?"

"खालच्या कप्प्यात."

"छान लावलायस," ते म्हणाले. आणि तिथेच उभ्या उभ्या हळूच पुटपुटत राहिले, ता, ना, पि, हि. हासुद्धा टोमणाच असावा.


गुरुवार, २९ जानेवारी

तयारी अंगावर आली आहे. लोलक पुसून झाले, बाकं मांडून झाली. नवा आणि ठिगळं लावलेला जुना, अशा दोन पडद्यांच्या मधून नागमोडी वाट केली आहे, म्हणजे माणूस आत येईल पण उजेड येणार नाही.

काकू परत आल्या. गेटाशी भेटल्या तर म्हणाल्या, "रविवारी येणार हं आम्ही तुझं काम बघायला."

"आम्ही म्हणजे?"

"म्हणजे मी," त्या घाईने म्हणाल्या.

बाबा काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. साऱ्या गावाला आमंत्रण आहे, फलक लागलेत, घरच्या माणसाला वेगळं काय सांगायचं? यायचं असेल तर येतील. नाही आले तर आजवर जे चाललं तेच पुढे. असं लिहिते आहे खरं, पण काल मी त्यांच्यासमोर रविवार हा शब्द उगाचच तीन-चारदा उच्चारला.


रविवार, १ फेब्रुवारी

बाबा आले होते. आज लिहवत नाही.


सोमवार, २ फेब्रुवारी

रजा घेतली आहे. बाबा दुकानात बसलेत, मी इथे. लिहिल्याशिवाय डोकं जागेवर येणार नाही.

काल सकाळपासून लोकांची रीघ. कडेवरच्या बाळापासून काठीवाल्या आजीपर्यंत सगळे. रसायनवाल्यांकडे धूर निघतो म्हणून गर्दी जास्त, पण माझ्याकडेही तुकड्यांमागून तुकड्या येत होत्या. मामा दारात उभे राहून माणसं मोजून आत सोडत होते. काळ्या वाटेत शिरली की भलीभली माणसं भांबावायची. एकमेकांच्या पायावर पाय, हसणं, किंचाळणं, "अहो, तुम्ही माझा हात धरलाय!"

दुपारी वाटेतून एक आवाज ऐकू आला. "पाय उचलू नका, सरकवा. उजव्या हाताने कापड धरा. आता डावीकडे. घाबरताय काय, पडदाच आहे तो, मी शिवलाय."

बाबा. गळ्यात टेप. सगळी तुकडी आंधळी कोशिंबीर खेळत होती आणि हे सगळ्यांच्या पुढे, आपल्याच घरात असल्यासारखे सरळ चालत आले. मागे काकू त्यांच्या शर्टाला धरून. मी दाराशी लावलेल्या मिणमिणत्या लाल दिव्यापाशी उभी होते. त्यांनी हात पुढे केला, तो माझ्या पांढऱ्या कोटाच्या खांद्यावर पडला, आणि बोटं शिवणीवरून फिरली.

"खांदा उतरलाय याचा," ते म्हणाले. "कुठल्या गाढवाने शिवला?"

मला कोण आनंद झाला! त्यांना पहिल्या बाकावर बसवलं. लाल दिवा विझवला. गच्च अंधार झाला. मी माझं नेहमीचं भाषण सुरू केलं, पण आवाज माझा मलाच वेगळा वाटत होता. सकाळपासून सगळ्या गावाला सांगत होते, आता फक्त एका माणसाला सांगत होते. पांढरा प्रकाश म्हणजे काय, तो लोलकातून कसा वाकतो, त्याच्या पोटात काय काय लपलेलं असतं. मग म्हणाले, "आता समोरच्या भिंतीकडे बघा. मी बटण दाबते आहे. बघा!"

बटण दाबलं. टक्.

काही झालं नाही. कोणाच्या तरी पायाने वायर ओढली गेली होती. खोली होती तशीच, काळी ठिक्कर.

आणि त्या काळोखात बाबा मोठ्याने म्हणाले, "वाहवा! काय रंग आहेत! सुरेख!"

सगळी खोली हसली. "आजोबा एकदम भारी!" कोणीतरी म्हणालं. लोकांना वाटलं, गंमत केली. बाबाही हसले, पण सगळ्यांच्या मागून, जरा उशिरा.

माझं बोट बटणावरच होतं. मी हसले नाही. विझलेला दिवा, कागदाची कडा, ओट्यावरचे पेपर, खुर्ची, भिंतीला लावलेला हात, काळ्यावरचा तांबडा दोरा. सगळं ओळीने माझ्या समोर येऊन उभं राहिलं. काळ्या दोऱ्याची जागा त्यांच्या बोटांना पाठ होती, पहिले तीन खण. तिथे मी तांबडा, नारिंगी, पिवळा ठेवले होते.

मामांनी चाचपडत वायर खोचली. रंग भिंतीवर उमटले. लोक "अहाहा" म्हणाले, बाळं टाळ्या पिटायला लागली.

या वेळी मात्र बाबा गप्प राहिले.

उरलेल्या तुकड्या मी कशा दाखवल्या मला आठवत नाही. बाबा पहिल्या बाकावरून उठलेच नाहीत. काकूंना मी विचारलं, तर त्या पदराने डोळे टिपत म्हणाल्या, "मला शपथ घातली होती गं." शेवटचा माणूस गेल्यावर मामा काकूंना घेऊन बाहेर चहाला गेले. मी बाबांच्या शेजारी बसले.

"मघाशी दिवा लागला नव्हता ना?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"तरीच. लोक हसले तेव्हा कळलं." मग म्हणाले, "मी पाठ करून आलो होतो. तू 'बघा' म्हणालीस की वाहवा म्हणायचं. काकूने दोनदा घोकून घेतलं."

"का सांगितलं नाहीत?"

"काय सांगायचं? तू दिवसभर लोकांना उजेड दाखवतेस. घरी येऊन तुला अंधार दाखवू?"

मला रडायचं नव्हतं. रागावायचं होतं. म्हणून म्हणाले, "चांगलं दिसत होतं तेव्हा का आला नाहीत? इतकी वर्षं? मी रोज वाट बघायचे. रोज!"

"तू कधी म्हणालीस, बाबा चला?"

"घरच्या माणसाला काय बोलवायचं!"

"मी शिंपी. मोठ्या माणसांच्या दारात माप घ्यायला बोलावलं तरच जायची सवय. न बोलावता कसा येऊ?" त्यांचा आवाज अगदी साधा होता, तक्रार नव्हती. "मला वाटायचं, तुला चालणार नाही गळ्यातला टेप. फाटकापर्यंत दोनदा येऊन गेलो. आता फलक लागले म्हणे, सगळ्यांना आमंत्रण. म्हटलं, सगळ्यांत आपणही आलो."

फाटकापर्यंत. तेव्हा त्यांना बाहीचा उसवलेला टाका दुरून दिसायचा. वर खिडकीत मी असणार, लोलक पुसत, बाबा कधी येतील याचा विचार करत.

मी दिवा परत लावला. त्यांना भिंतीशी नेलं आणि त्यांचा हात पट्ट्याच्या सुरुवातीला ठेवला. तांबडा त्यांच्या नखांवर पडला. "इथून तांबडा," मी म्हणाले आणि बोट हळूहळू सरकवत नेलं. "इथे नारिंगी. हा पिवळा."

"एवढाच?"

"एवढाच. अरुंद असतो."

"माया सोडलेलीच नाही पिवळ्याला," ते म्हणाले. मग गळ्यातला टेप काढून माझ्या हातात दिला. "जांभळा माप बरं."

मी मापला. सांगितला. त्यांनी आकडा मनात घोळवला, पूर्वी गिऱ्हाइकाची छाती-कंबर घोळवायचे तसा. जांभळा त्यांच्या पंजाच्या मागच्या शिरांवर पसरला होता, आणि ते विचारत होते, "आता कशावर आहे माझा हात?"


रविवार, ८ फेब्रुवारी

आठवडाभर डॉक्टर आणि तपासण्या. काचबिंदू. हळूहळू कडेकडेने नजर खातो, ज्याचे डोळे आहेत त्यालाही पटकन कळत नाही. बाबा काकूंबरोबर आधीच डॉक्टरांकडे जाऊन आले होते. थेंबांची बाटली बटणांच्या डब्यात सापडली. गेलेलं परत येत नाही. उरलेलं जपायचं, एवढंच. मी डॉक्टरांना एकच प्रश्न पुन्हा पुन्हा, शब्द बदलून विचारला. त्यांनी दर वेळी तेच उत्तर दिलं.

होकायंत्राने पडदा नव्या दोऱ्याने शिवून घ्यायला सांगितलं आहे, कुलगुरूंच्या पत्नी हसल्या म्हणे. मी म्हणाले, "सर, पडदा बदलला तर मीही बदली मागेन." ते उत्तरेकडून दक्षिणेकडे फिरले आणि गेले.

आज सकाळी दोऱ्यांचा डबा घेऊन बाबांसमोर बसले. "तुमचा क्रम सांगा. काळा पहिला, मग पांढरा, पुढे?"

"राहू दे," ते म्हणाले. "आता तुझा पाठ झालाय." आणि खणांवरून बोट फिरवत म्हणून दाखवला, तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत, एकही न चुकता. "काळा तळघरात. अडचणीचा आहे, पण चालेल."

मग माझा पांढरा कोट मागितला. उतरलेला खांदा उसवून ते हाताने पुन्हा घालताहेत. खालच्या कप्प्यातून पांढरं रीळ त्यांनी स्वतः काढलं आणि "बघ गं, बरोबर आहे ना?" असं पहिल्यांदाच विचारलं. बरोबर होतं.

मी धीर करून विचारलं, "बाबा, मी दिसते का तुम्हाला? अजिबात?"

त्यांनी सुई थांबवली. खोटं बोलावं की काय असा विचार करत असावेत.

"चेहरा नाही," ते म्हणाले. "दारात उभी राहिलीस की उजेड अडतो. तेवढं कळतं. म्हणून तर म्हणतो, आलीस."

"बरं," मी म्हणाले.

दुपारी भाजी घेऊन परत आले. चप्पल काढून दारात उभी राहिले. मागून ऊन येत होतं. बाबांनी मान वर केली नाही, सुई चालूच होती.

"आलीस?"

"आले," मी म्हणाले, आणि दिवा लावायला आत गेले नाही. हातातली पिशवी जड होती. ती खाली ठेवली आणि तशीच दारात उभी राहिले.